सत्तेचाळीस एफ

मुळशी धरणाच्या भिंतीजवळून साडेत्र्याहत्तर अंशांचं रेखावृत्त जातं, आणि भारतीय सर्वेक्षण विभागाने तालुका तिथेच तोडला आहे. भिंत आणि पौड ४७ एफ/१० या पत्रकावर, पाण्याचा बहुतेक पसारा, घनगड आणि तैलबैला ४७ एफ/६ वर, तर ताम्हिणी खाली ४७ एफ/७ वर. सह्याद्रीत हिंडणारे या कागदाला टोपोशीट म्हणतात. ४७ हा चार अंश लांब, चार अंश रुंद चौकोन; त्याच्या ए ते पी अशा सोळा भागांतला एफ पुण्याचा; त्याचे पुन्हा सोळा तुकडे, प्रत्येक पंधरा मिनिटांचा. नदी, घाट, तालुका, कशाचीही भीड न धरता केलेली ही वाटणी आहे.

या कागदाचा मूळपुरुष विल्यम लॅम्ब्टन. १० एप्रिल १८०२ रोजी त्याने मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटपाशी सुमारे बारा किलोमीटरची पायारेषा मोजायला घेतली आणि तिच्यावर त्रिकोण चढवत तो पुढे निघाला. एक बाजू आणि कोन कळले की उरलेल्या बाजू गणिताने निघतात. दरी ओलांडावी लागत नाही, पलीकडचं शिखर दिसलं की पुरे. या कामाचा, कोन मोजणारा अर्धा टन वजनाचा थिओडोलाइट त्याने वीस वर्षं दख्खनभर फिरवला. १८२३ मध्ये नागपूरच्या वाटेवर तो हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. त्याच्यामागून हे काम चालवणाऱ्या एव्हरेस्टचं नाव शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं, लॅम्ब्टनचं वर्ध्यातही फारसं कुणाला नसतं, हा हिशेब मला कधी पटला नाही.

१८१८ नंतर मराठी मुलखात इंग्रजांना दोन गोष्टी हव्या होत्या, शेतसारा आणि फौजेच्या वाटा. त्यातून नकाशांची दोन कुळं निघाली. साऱ्याचं कूळ पुणे जिल्ह्यातच वाढलं. प्रिंगल या इंग्रज अधिकाऱ्याने केलेली पहिली आकारणी रयतेला झेपली नाही. मग १८३५ पासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापुरातून नव्याने सुरुवात केली. त्यांची साखळी तेहतीस फुटांची, तिचे सोळा आणे. तेहतीस फूट लांब आणि तितकाच रुंद तुकडा म्हणजे गुंठा, आणि असे चाळीस मिळून एकर. सर्व्हे नंबर आले, गाव नकाशे आले, पुढे सातबारा आला. या नकाशात बांध आहे, ओढा आहे, शेताचं क्षेत्र आहे, पण उंची नाही. डोंगरउतारावरचं वरकस आणि तळातलं भातखाचर कागदावर शेजारी शेजारी सपाट पडलेली.

दुसरं कूळ फौजेचं. घाटाखाली टी. बी. जर्व्हिस नावाचा लष्करी इंजिनिअर १८२० च्या दशकात कोकण मोजत होता. पुढे क्रिमियाचं युद्ध लागलं, तेव्हा त्या मुलखाचा धड नकाशा ब्रिटिश सैन्याकडे नव्हता. जर्व्हिसने तो मिळवून दिला आणि १८५५ मध्ये लंडनला लष्कराचं नकाशांचं खातं उभं केलं. कोकणच्या घाटांत हात बसलेला माणूस साम्राज्याच्या नकाशाखान्याचा प्रमुख झाला. या कुळाला शेत कोणाचं याच्याशी देणंघेणं नव्हतं. त्याला चढ केवढा, पाणी कुठे, तोफ जाईल की नाही, एवढंच हवं.

डोंगर मात्र बराच काळ तुटक रेघोट्यांच्या छायेनेच दाखवला जाई. दिसायला सुरेख, पण त्यावरून उंची कळत नसे. १९०४-०५ च्या सर्वेक्षण समितीनंतर मैलाला एक इंच या प्रमाणाची नवी मालिका निघाली आणि सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या तपकिरी समोच्च रेषा सर्रास आल्या. प्लेन टेबल, तिपाई आणि सामान वाहणारे खलाशी घेऊन सर्वेअर शिखरावर चढायचा आणि समोर दिसेल ते तिथेच कागदावर उतरवायचा. स्वातंत्र्यानंतर प्रमाण १:५०,००० झालं आणि रेषांमधलं उंचीचं अंतर वीस मीटर.

समोच्च रेषेचा स्वभाव असा की ती म्हणजे न आलेल्या पाण्याचा काठ. दरीच्या तोंडाशी अमुक उंचीची भिंत घातली तर पाणी कुठवर चढेल, हे ती रेषा बोटाने गिरवली की कळतं. मुळा नदीच्या खोऱ्याकडे टाटांनी याच नजरेने पाहिलं. पूर्वेला वाहणारं पाणी अडवायचं, डोंगरातून पश्चिमेला न्यायचं आणि सुमारे पाचशे मीटर खाली भिऱ्याला सोडून मुंबईसाठी वीज काढायची. भूगोल म्हणून ही कल्पना लाजवाब होती. पण त्या रेषेच्या आत पन्नासेक गावं होती, आणि ती होती साऱ्याच्या कुळाच्या नकाशात, साखळीने मोजलेली. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, सत्याग्रह सुरू झाला. विनायकराव भुस्कुटे, पांडुरंग महादेव बापट आणि मावळे तीनएक वर्षं लढले. बापटांची ‘सेनापती’ ही पदवी इथलीच. धरण झालंच, आणि १९२७ मध्ये भिऱ्याची वीज सुरू झाली. आजच्या पत्रकावर खोऱ्याच्या प्रत्येक घळीत शिरलेली निळी बोटं दिसतात. खाचरांचा पिवळा रंग त्यांच्याखाली होता, हे पत्रक सांगत नाही. सांगणं त्याचं कामच नाही.

फौजेचं रक्त टोपोशीटच्या कुळातून लवकर गेलं नाही. किनारा आणि सीमेलगतच्या पट्ट्यातल्या पत्रकांवर स्वातंत्र्यानंतरही बंदीचा शिक्का असे, आणि डोंगर भटकणाऱ्यांच्या हाती फिरे ती झेरॉक्सची झेरॉक्स. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने लष्कराची आणि लोकांची मालिका वेगळी केली. २०१७ पासून लोकांसाठीची पत्रकं संगणकावर फुकट उतरवून घेता येऊ लागली.

मुळशीत आता ‘लेक व्ह्यू’ प्लॉट विकले जातात. घेणारा वकिलाकडून सातबारा तपासून घेतो, मोजणी मागवतो, आणि ते योग्यच आहे. टोपोशीट मात्र कुणी मागत नाही. खिडकीतून तळं दिसणार की मधली टेकडी, हे सातबाऱ्यावर नाही, तिच्यावर कळतं.