एचआयव्ही संसर्ग : प्रारंभिक लक्षणे व रक्तचाचणी

मानवी प्रतिक्षमता-न्यूनताकारक विषाणू (एचआयव्ही) शरीरात शिरल्यानंतर साधारणतः दोन ते चार आठवड्यांनी अनेक रुग्णांत ताप, घसादुखी, अंगावर पुरळ, सांधे व स्नायू दुखणे, रात्री घाम येणे, तोंडात व्रण आणि मानेतील किंवा काखेतील लसीका ग्रंथींना सूज ही लक्षणे दिसतात. ती एकदोन आठवड्यांत आपोआप नाहीशी होतात. काही रुग्णांत तर ती उद्‌भवतच नाहीत. त्यानंतर उपचारांअभावी बहुधा आठदहा वर्षांची सुप्तावस्था असते व अखेरीस वजन घटणे, चिवट अतिसार, क्षय इ. विकारांनी एड्स ही अवस्था प्रकट होते. पहिल्या काही आठवड्यांत रक्तातील विषाणूंची संख्या फार मोठी असल्याने संसर्ग सहज पसरतो; पण ओळखण्यास सर्वांत कठीण काळही तोच होय.

या रोगाची पहिली नोंद अमेरिकेत १९८१ मध्ये झाली, विषाणू पॅरिस येथील पाश्चर संस्थेत १९८३ मध्ये अलग करण्यात आला आणि प्रतिपिंड शोधणारी एलायझा चाचणी १९८५ मध्ये उपलब्ध झाली. भारतात सुनीती सोलोमन व त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनी मद्रास (चेन्नई) येथे १९८६ मध्ये हा संसर्ग प्रथम दाखवून दिला. लक्षणांपेक्षा चाचणीच येथे आधी पोहोचली, असे म्हणता येईल. मात्र चाचणीबरोबर भीतीही आली. गोव्यात नेहमी रक्तदान करणाऱ्या डॉमिनिक डिसोझा या तरुणास फेब्रुवारी १९८९ मध्ये पोलिसांनी ताब्यात घेतले व त्याला ६४ दिवस एकांतवासात ठेवण्यात आले. त्याच्या रक्ताची तपासणी त्याच्या नकळत झाली होती. त्याच्या आईने मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली, परंतु न्यायालयाने विलगीकरणाची कायदेशीर तरतूद वैध ठरविली. चाचणीचा परिणाम बंदिवास असेल, तर चाचणीसाठी आपण होऊन कोण येणार, हा प्रश्न या प्रकरणाने उघड केला. डिसोझा १९९२ मध्ये मरण पावला.

त्याच वर्षी राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना आणि पुणे येथील राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था यांची स्थापना झाली. पुण्याच्या गुप्तरोग चिकित्सालयांत १९९३ ते १९९६ या काळात झालेले संशोधन महत्त्वाचे आहे. तेथे तपासलेल्या ३,८०० हून अधिक व्यक्तींपैकी ५८ जणांच्या रक्तात प्रतिपिंड नव्हते, पण विषाणूचे पी-२४ हे प्रतिजन मात्र सापडले. म्हणजे त्यांचा संसर्ग अगदी ताजा होता. या गटात ताप, सांधेदुखी, रात्रीचा घाम आणि जननेंद्रियावरील व्रण अधिक आढळले. याच चिकित्सालयांत तपासलेल्या ९१६ स्त्रियांपैकी ३९१ जणी वेश्याव्यवसायातील नव्हत्या; त्यांच्यातही १३·६ टक्के स्त्रियांना संसर्ग झालेला होता. यांतील बहुतेकींचा संबंध केवळ पतीशी आलेला होता. हा रोग ‘इतरांचा’ आहे ही पांढरपेशा समजूत या आकड्यांपुढे टिकत नाही.

ठाणे जिल्ह्यातील डोंबिवलीसारख्या नोकरदारांच्या शहराला हे विशेष लागू पडते. येथे पावसाळ्यात ताप, अंगदुखी व पुरळ यांनी मलेरिया, डेंग्यू किंवा लेप्टोस्पायरोसिस यांची आठवण होणे स्वाभाविक आहे आणि ती बहुधा योग्यही असते. रोजची लोकल गाठणारा माणूस दोन गोळ्या घेऊन कामावर जातो व ताप उतरला की विषय संपतो. एचआयव्हीचा प्रारंभिक ताप याहून वेगळा दिसत नाही. तेव्हा निव्वळ लक्षणांवरून निदान करता येत नाही, तसे ते नाकारताही येत नाही. असुरक्षित संबंध, दूषित सुई किंवा जोडीदाराचा संसर्ग अशी शक्यता असल्यास, ताप आला असो वा नसो, चाचणी आवश्यक ठरते.

चाचणी केव्हा करावी, हे तिच्या प्रकारावर अवलंबून असते. प्रतिपिंड तयार होण्यापूर्वीच्या काळास ‘विंडो पीरियड’ म्हणतात. त्या काळात संसर्ग असूनही निष्कर्ष नकारात्मक येतो. प्रतिजन व प्रतिपिंड दोन्ही शोधणारी प्रयोगशाळेतील चाचणी सु. १८ ते ४५ दिवसांत संसर्ग दाखविते. केवळ प्रतिपिंडांवर आधारलेल्या चाचण्यांना २३ ते ९० दिवस लागतात. यामुळे लवकर केलेली नकारात्मक चाचणी तीन महिन्यांनी पुन्हा करतात. संसर्गाची शक्यता निर्माण होऊन ७२ तास उलटले नसतील, तर चाचणीची वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे. या मुदतीत सुरू केलेली व २८ दिवस घेतलेली औषधे संसर्ग बहुधा टाळू शकतात.

शासकीय रुग्णालयांतील एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रांत ही तपासणी विनामूल्य होते. विषाणुरोधक औषधे १ एप्रिल २००४ पासून मोफत मिळू लागली. सुरुवातीच्या केंद्रांत मुंबईचे जे. जे. रुग्णालय होते. निदान होताच उपचार सुरू करण्याचे धोरण २०१७ मध्ये आले. त्याच वर्षी संमत होऊन १० सप्टेंबर २०१८ पासून अंमलात आलेल्या कायद्याने सूचित संमतीवाचून चाचणी करण्यास व रुग्णाची माहिती उघड करण्यास, काही अपवाद सोडून, मनाई केली आहे.