झगमगत्या कोटाची वायर

सुरतेची ओळख जरीची. जरी उजेडात चमकते, पण स्वतः उजेड देत नाही. कपड्यानेच उजेड द्यावा ही हौस आम्हा सुरतकर मराठी मुलांना लागली ती ‘याराना’मुळे. 1981 च्या या चित्रपटात, कलकत्त्याच्या नेताजी इनडोअर स्टेडियममध्ये चित्रित झालेल्या गाण्यात अमिताभ बच्चन यांच्या पोशाखावर दिवे लुकलुकतात.

त्या पोशाखाची हकीकत पुढे बच्चन यांनीच सांगितली. दिव्यांना बॅटरी नव्हती. वायर कपड्यांच्या आतून पायाजवळ बाहेर काढून सॉकेटला जोडलेली होती आणि नाचताना झटके बसत होते. आपण ज्या ठेक्याला टाळ्या दिल्या, त्यात विजेचाही हात होता!

तेव्हा दुसरा उपाय अवघडच होता. तारेचे बल्ब बरीचशी वीज उष्णतेत घालवतात. तेवढे दिवे पेलणारी बॅटरी अंगावर वागवणे जड. निक होलोन्याक यांनी 1962 मध्ये अमेरिकेत लाल एलईडी बनवला होता, पण त्याचा उजेड मंद होता. झगझगीत निळा एलईडी जपानमध्ये 1990 च्या दशकात आला, त्यातून पांढरा निघाला. या निळ्या दिव्याला 2014 चे नोबेल मिळाले.

आम्हाला हे कुठून ठाऊक असणार? लहानपणी गणेशोत्सवाच्या वेशभूषा स्पर्धेसाठी आम्ही मखराचे तोरण जुन्या कोटावर शिवले. एक बल्ब फुटला, तोरण विझले. वीज गेली असे समजून एकाने तिथे बोट लावले आणि तो मागे फेकला गेला. गणरायाने राखले. घरी मात्र आम्ही सर्वांनी मार खाल्ला.

चूक साधी होती. तोरणातले बल्ब एकामागोमाग जोडलेले असतात. प्रत्येकाच्या वाट्याला मोजकेच व्होल्ट येतात, म्हणून ते निरुपद्रवी वाटतात. पण साखळी तुटली की तुटल्या जागी पूर्ण 230 व्होल्ट उभे राहतात. त्यात घामाने ओले अंग!

आज आपली मुले असाच कोट निर्धास्तपणे करू शकतात. 12 व्होल्टची एलईडी पट्टी घ्यावी. तिच्यात सहसा तीन दिवे आणि एक रेझिस्टन्स असा गट असतो, खुणेवरच कापावी. दीड व्होल्टचे आठ पेन्सिल सेल एकामागोमाग लावले की 12 व्होल्ट होतात. मध्ये छोटा फ्यूज आणि बटण. उघडी तारांची टोके टेपने झाका, कारण सेलही शॉर्ट झाले की तापतात. आणि अंगावरच्या कोटाची वायर भिंतीकडे जाता कामा नये, ॲडॉप्टर लावूनसुद्धा नाही.

यंदा मंचावर एखादा छोटा ‘बच्चन’ उजळून आला, तर टाळ्या वाजवण्याआधी त्याच्या पायाकडे एकदा बघू या. तिथे वायर नसेल, तर टाळ्या दुप्पट. गणपती बाप्पा मोरया!