मुंबई रक्तगटापासून उंदरांच्या पांढऱ्या पेशींपर्यंत

एका रक्तगटाच्या शोधापासून पांढऱ्या रक्तपेशींच्या घडणीपर्यंत संशोधन कसे पोहोचले, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

सन 1952 मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे व सहकाऱ्यांनी मुंबईतील तीन व्यक्तींच्या रक्ताची नोंद ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केली. ‘ओ’ गटातही आढळणारे ‘एच’ प्रतिजन त्यांच्या तांबड्या पेशींवर नव्हते. हाच ‘मुंबई रक्तगट’ होय. ‘एच’ घडण्यासाठी फ्युकोज ही शर्करा जोडावी लागते. ती जोडणाऱ्या विकराचे जनुक अमेरिकेतील जॉन लो यांच्या गटाने 1990 मध्ये वेगळे केले. ते निकामी असले तरी मनुष्य निरोगी राहतो. मात्र रक्त घ्यायची वेळ आल्यास त्याला मुंबई गटाचेच रक्त लागते.

1992 मध्ये इस्रायलमधील अमोस एत्झिओनी व सहकाऱ्यांनी याच रक्तगटाची, पण वारंवार जंतुसंसर्ग होणारी दोन बालके नोंदवली. त्यांच्या रक्तात पांढऱ्या पेशी भरपूर होत्या. परंतु त्यांवरही फ्युकोज नसल्याने त्या रक्तवाहिनीच्या भिंतीला धरून संसर्गाच्या जागी पोहोचू शकत नव्हत्या. फ्युकोज वाहून नेणाऱ्या प्रथिनाच्या जनुकातील दोष हे याचे मूळ असल्याचे 2001 मध्ये सिद्ध झाले.

आपल्या खासबाग-वडगाव भागातील विणकरांना हा फरक सहज उमगेल. एक माग बंद पडला तर एकच साडी अडते. सुताचा पुरवठाच थांबला तर सगळे माग थांबतात.

फ्युकोज तयार करणारे ‘एफएक्स’ हे जनुक काढून टाकलेले उंदीर लो यांच्याच गटाने 2002 मध्ये घडवले. आहारातून फ्युकोज दिले की उणीव भरून निघे. 2008 मध्ये याच उंदरांत आणखी एक गोष्ट दिसली : फ्युकोज बंद करताच अस्थिमज्जेत कणयुक्त पांढऱ्या पेशी बेसुमार वाढत आणि थायमस ग्रंथीतील टी-पेशींची वाढ खुंटे. पेशीची दिशा ठरवणाऱ्या ‘नॉच’ या ग्राही प्रथिनालाही फ्युकोज लागते, हे त्याचे कारण. म्हणजे प्रश्न केवळ पेशींच्या प्रवासाचा नसून त्यांच्या घडणीचाही होता.

जनुकाचा अभाव शिकवताना ‘कोणते जनुक नाही’ एवढेच सांगून भागत नाही. ते साखळीच्या कोणत्या टप्प्यावर आहे, हेही सांगावे लागते. शिवाय केवळ पेशी तपासणाऱ्या नेहमीच्या चाचणीत मुंबई गट ‘ओ’ असाच दिसतो. रक्तद्रव ‘ओ’ पेशींशी पडताळल्यावरच तो उघड होतो. हा धडा वर्गाबाहेरही एखाद्याचा जीव वाचवू शकतो.