पोटात उतरलेली नळी

बाळाच्या डोक्यात पाणी झालं, ते काढून देणारी नळी म्हणजे शंट बसवला, असं ऐकलं की नळीचं दुसरं टोक पोटातच असणार हे आज आपण धरून चालतो. पोटाला हा मान सहजासहजी मिळालेला नाही.

जर्मन सर्जन वॉल्थर काउश यांनी 1908 मध्ये रबरी नळीने मेंदूतली पोकळी थेट उदरपोकळीला जोडली. रुग्ण दगावला. पुढेही रबर पोटाला मानवलं नाही. नळीभोवती तंतू वाढत, आतड्यांवरचा चरबीचा पडदा तिच्या टोकाला चिकटे आणि वाट बुजे. मग सर्जन दुसऱ्या जागा शोधू लागले. बॉस्टनचे डोनाल्ड मॅटसन हे पाणी मूत्रवाहिनीत सोडत, पण त्यासाठी एक निरोगी मूत्रपिंड काढून टाकावं लागे. त्या काळचे डॉक्टर किती अगतिक होते, हे यावरून कळतं.

1955 मध्ये फिलाडेल्फियाला जॉन होल्टर या कारागिराला केसी हा मुलगा झाला, त्याला हाच आजार होता. होल्टर कुलुपांच्या कंपनीत काम करत. त्यांनी बारीक चिरेचा व्हॉल्व्ह घडवला, तोही शरीराला सोसणाऱ्या सिलिकॉनचा. पण तेव्हा नळीचं टोक हृदयात सोडत. त्यातून जंतू थेट रक्तात जात, गुठळ्या होत. शिवाय मूल उंच होत गेलं की टोक वर सरके आणि पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागे. पोटात मात्र बरीच जास्तीची नळी सैल सोडून देता येते. मूल वाढेल तशी ती उलगडत जाते. माझ्या मते पोटाची सरशी झाली ती मुख्यतः याच कारणाने. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात सिलिकॉनची नळी घेऊन सर्जन पुन्हा पोटाकडे वळले.

आता दुखणीही पोटाची सुरू झाली. तान्ह्या मुलग्यांत पोटातून अंडकोशाकडे जाणारी वाट अनेकदा उघडीच असते. पाण्याच्या दाबाने ती मिटत नाही, मग हर्निया किंवा हायड्रोसिल दिसू लागतं. क्वचित नळीच अंडकोशात उतरते. कधी टोकाभोवती पाण्याची पिशवी धरते. तिला स्वतःचं अस्तर नसतं, भोवतीच्या तंतूंचीच भिंत असते, म्हणून डॉक्टर तिला खोटी गाठ मानतात. पोट फुगतं, मूल जेवेनासं होतं आणि सोनोग्राफीत पाण्याच्या मधोमध नळीचं टोक दिसतं. अशा वेळी नुसतं पाणी काढून भागत नाही, कारण मागे बहुधा छुपा जंतुसंसर्ग असतो.

सर्वांत धक्कादायक म्हणजे नळी आतडं भेदून गुदद्वारातून बाहेर डोकावणं. आतडं फुटल्याची अशी नोंद 1966 पासून सापडते. नळी मुडपू नये म्हणून सर्जन अँथनी रायमोंडी यांनी तिच्या भिंतीत तारेचं स्प्रिंग घातलं. ताठरपणामुळे आतडं भेदण्याचे प्रकार वाढले, आणि मऊ, साध्या नळीकडे परतावं लागलं. नवल म्हणजे आतडं भेदलं गेलेल्या मुलांचं पोट बरेचदा मऊच असतं, कडक होत नाही, कारण नळीभोवती तंतूंचं वेष्टण तयार झालेलं असतं. पालकांना सांगायला हवं की ते टोक ओढू नका, कापू नका. सर्जन नळी वरच्या बाजूला तोडतो आणि खालचा भाग गुदद्वारातूनच ओढून काढतो. ती उलट वर खेचली, तर आतड्यातले जंतू पोटात आणि मेंदूच्या वाटेवर पसरतील. नवी नळी बसवायची ती मेंदूतलं पाणी निर्जंतुक झाल्याची खात्री पटल्यावरच.

भारतात छाबडा शंटने हा इलाज गरिबांच्या आवाक्यात आणला. युगांडात सर्जन बेंजामिन वॉर्फ यांनी 2005 मध्ये छापलेल्या अभ्यासात त्याची गाठ कितीतरी पट महागड्या शंटशी घातली. वर्षभरानंतरच्या निकालांत ठळक फरक दिसला नाही. पोटाची दुखणी मात्र स्वस्त-महाग बघत नाहीत. वारंवारच्या संसर्गाने उदरपोकळीत चिकटपणा माजला आणि पाणी शोषलं जाईनासं झालं, की सर्जनला फुप्फुसाभोवतीची पोकळी किंवा पुन्हा हृदयच गाठावं लागतं.