प्रियाराधनाची इंग्रजी परिभाषा

इ. स. १४६९ च्या सप्टेंबर महिन्यात इंग्लंडमधील नॉरिच शहरी तेथील बिशपपुढे एका तरुणीची चौकशी झाली. तिच्यावर कोणत्याही गुन्ह्याचा आरोप नव्हता. एका पुरुषाशी बोलताना तिने नेमके कोणते शब्द उच्चारले, एवढेच बिशपला जाणून घ्यावयाचे होते. ही तरुणी म्हणजे नॉरफोक परगण्यातील पास्टन या जमीनदार घराण्याची कन्या मार्जरी, आणि तो पुरुष म्हणजे त्याच घराण्याचा कारभारी रिचर्ड कॉल. घरच्यांच्या नकळत दोघांनी एकमेकांना वचन दिले होते. चर्चमधला विधी झालेला नव्हता. मातेची संमती मिळण्याची तर आशाच नव्हती.

तरीही बिशपला हे प्रकरण झटकून टाकता येत नव्हते. त्या काळच्या धर्मशासनानुसार स्त्रीपुरुषांनी परस्परांना वर्तमानकाळी 'मी तुझा स्वीकार करतो', 'मी तुझा स्वीकार करते' असे म्हटले, की तेवढ्याने विवाह सिद्ध होई. तेच शब्द भविष्यकाळी उच्चारले, तर तो केवळ वाङ्निश्चय. त्यापुढे शरीरसंबंध घडला नसेल तर तो मोडता येत असे. क्रियापदाच्या एका प्रत्ययावर दोन जन्मांचा निकाल लागावा, असा हा कायदा होता. मार्जरीने आपण बोललेले शब्द बिशपला सांगितले आणि वर असेही बजावले, की एवढ्याने विवाह पक्का होत नसेल तर येथून निघण्यापूर्वी तो अधिक पक्का करण्याची आपली तयारी आहे. कॉलची जबानी वेगळी घेण्यात आली. ती तिच्या जबानीशी जुळली. विवाह मोडता आला नाही. आईने मात्र मुलीला घराचे दार बंद केले. ही सारी हकीकत आपल्याला कळते ती त्या आईनेच आपल्या थोरल्या मुलाला लिहिलेल्या पत्रावरून. पुढे १४८२ मध्ये तिने केलेल्या मृत्युपत्रात मार्जरीच्या थोरल्या मुलाला वीस पौंड ठेवलेले आढळतात. राग बहुधा पिढीबरोबर ओसरत गेला असावा.

इंग्रजी भाषेतील प्रीतीच्या आणि लाडीगोडीच्या शब्दांचा इतिहास पाहताना ही चौकशी ध्यानात ठेवावी लागते. या शब्दांना आपण आज हलकेफुलके समजतो. परंतु शतकानुशतके ते कायद्याच्या तराजूत तोलले गेले आहेत, आणि त्या तराजूचे पारडे बहुधा स्त्रीच्या बाजूने वर गेले आहे.

कॉलने त्याच वर्षी मार्जरीला लिहिलेले एक पत्र आजही उपलब्ध आहे. वाचताच ते जाळून टाकावे, अशी त्यात विनंती आहे. ती पाळली गेली नाही, हे अभ्यासकांचे भाग्य. या पत्रात तो तिला एकाच दमात 'लेडी', 'मिस्ट्रेस' आणि ईश्वरसाक्ष पत्नी म्हणून संबोधतो. यांतील 'मिस्ट्रेस' हा शब्द आजच्या वाचकाला दचकवील. पंधराव्या शतकात त्यात गैर काहीच नव्हते. फ्रेंचमधून आलेला हा शब्द 'मास्टर'चे स्त्रीरूप. अर्थ मालकीण, स्वामिनी. प्रियकराने स्वतःला सेवक आणि प्रियेला स्वामिनी म्हणावे, हा तेव्हाचा शिष्ट संकेतच होता. पुढे या एका शब्दाला तीन फाटे फुटले. एकातून विवाहितेच्या नावामागचे 'मिसेस' आले, दुसऱ्यातून कुमारिकेचे 'मिस', आणि मूळ शब्दाच्या वाट्याला 'ठेवलेली बाई' हा अर्थ येऊन पडला. 'मास्टर' मात्र निष्कलंक राहिला. आपल्या गावोगावच्या शाळांतून तो 'मास्तर' होऊन छडी घेऊन उभाही राहिला.

हे एकाच शब्दाचे दुर्दैव नव्हे. 'लीमन' हा जुना इंग्रजी शब्द 'प्रिय' आणि 'मनुष्य' या दोन पदांचा समास. 'पॅरामूर' हा फ्रेंच शब्दसमूह. त्याचा मूळ अर्थ 'प्रेमापोटी' इतकाच. मध्ययुगीन भक्तांनी हा दुसरा शब्द येशूला आणि कुमारी मेरीला उद्देशूनही योजला आहे. काही शतकांत दोन्ही शब्द चोरट्या संबंधांचे वाचक होऊन बसले. प्रेम करणाऱ्याला नाव द्यावे आणि त्या नावालाच कालांतराने डाग लागावा, असा हा क्रम आहे. 'कॉकेट'ची कथा तर अधिक गमतीची. फ्रेंच भाषेत कोंबड्याला 'कॉक' म्हणतात. त्याचे लघुत्वदर्शक रूप 'कॉके'. तोरा मिरवीत फिरणाऱ्या पुरुषासाठी तो शब्द चपखल होता, आणि सतराव्या शतकात इंग्रजीत आला तेव्हा स्त्रीपुरुष दोघांनाही लावला जाई. अखेर कोंबड्याचा तो सारा तोरा एकट्या स्त्रीच्या पदरात पडला.

पास्टन घराण्याच्या पत्रव्यवहारात आणखी एक मार्जरी आहे. तिचे माहेरचे आडनाव ब्रूज. १४७७ च्या फेब्रुवारीत तिने आपल्या नियोजित वराला पाठविलेले पत्र हे इंग्रजीतील उपलब्ध असलेले सर्वांत जुने 'व्हॅलेंटाइन' पत्र मानले जाते. 'माझा व्हॅलेंटाइन' अशा अर्थाने ती त्याला हाक मारते. संत व्हॅलेंटाइनच्या दिवशी पक्षी आपापला जोडीदार निवडतात, ही कल्पना त्यापूर्वी सुमारे शंभर वर्षे चॉसर कवीने पक्ष्यांच्या सभेवरील आपल्या काव्यात रंगविली होती. मार्जरीच्या आईनेही त्या वराला लिहिलेल्या पत्रात तिचा आधार घेतला आहे: शुक्रवारी व्हॅलेंटाइनचा दिवस आहे, पाखरेही त्या दिवशी जोडीदार निवडतात, तेव्हा आपण गुरुवारी रात्रीच यावे. पण पत्र पुढे वाचत गेले की कळते, घोडे हुंड्यावर अडले होते. पित्याने ठरविलेली रक्कम वाढवून देण्यास नकार दिला होता आणि वराला अधिक हवे होते. आपल्यावर खरे प्रेम असेल तर एवढ्यासाठी आपल्याला सोडू नये, अशी ती मुलगी विनविते. लग्न त्याच वर्षी पार पडले. हा वर कोण? पहिल्या मार्जरीचा सख्खा भाऊ, धाकटा जॉन पास्टन. आपल्या बहिणीला फ्रॅमलिंगहॅमच्या बाजारात मेणबत्त्या आणि मोहरी विकायला लावणाऱ्या कॉलला कधीही संमती मिळणार नाही, असे १४६९ मध्ये तोऱ्यात लिहिणारा गृहस्थ तो हाच. इंग्रजीतल्या सर्वांत जुन्या उपलब्ध 'व्हॅलेंटाइन' पत्राचा धनी असा निघावा, याला काय म्हणावे!

या शब्दसंपत्तीची घडण पाहिली, तर तिच्यात दोन थर स्पष्ट दिसतात. 'लव्ह', 'हार्ट', 'किस', 'डिअर', 'डार्लिंग', प्रियाराधन या अर्थाचे 'वू', हे सारे शब्द १०६६ च्या नॉर्मन स्वारीपूर्वीचे, घरच्या मातीतले. 'कोर्टशिप', 'गॅलंट', 'कॉकेट' आणि चिठ्ठीचपाटीला दिलेले 'बिले-दू' हे नाव, हे सारे फ्रान्सकडून आलेले. 'कोर्टशिप' या शब्दात तर राजाचा दरबारच बसला आहे: दरबारी माणसासारखे वागणे, यावरून प्रियेची मनधरणी करणे. मनातली ओढ घरच्या शब्दांनी सांगावी आणि तिच्याभोवतीचा खेळ परक्या दरबारच्या शब्दांनी खेळावा, ही रीत आपल्यालाही अपरिचित नाही. आपल्या लावणीने 'नखरा', 'दिल', 'इष्क' हे शब्द अशाच वाटेने आणले.

घरच्या थरातला एक शब्द मराठीत भाषांतर होऊन आला आहे. तो म्हणजे 'हनीमून'. आपला 'मधुचंद्र' ही त्याचीच प्रतिकृती. मराठी शब्दात नुसते चांदणे आहे. मूळ इंग्रजी शब्दात थोडी कुचेष्टाही होती. सोळाव्या शतकाच्या मध्याला हा शब्द छापील ग्रंथांत दिसू लागतो, आणि १५५२ च्या एका इंग्रजी-लॅटिन शब्दकोशात त्याचे स्पष्टीकरण असे दिले आहे, की आरंभी उतू जाणारे आणि पुढे ओसरण्याचा संभव असलेले नवविवाहितांचे प्रेम म्हणजे हनीमून. पौर्णिमेनंतर चंद्र क्षीण होऊ लागतो, हा त्यातला टोला. मराठीत येईपर्यंत कृष्णपक्ष गळून पडला.

आता अठराव्या शतकाकडे वळावयाचे, कारण तेथे या इतिहासाचा सांधा बदलतो. १७५३ मध्ये लॉर्ड हार्डविक यांच्या पुढाकाराने इंग्लंडमध्ये नवा विवाह कायदा संमत झाला आणि पुढच्या वर्षीच्या मार्चपासून तो अमलात आला. चर्चमधील रीतसर विधीवाचून विवाह ग्राह्य धरला जाणार नाही, असे त्याने ठरविले. ज्या शब्दांच्या बळावर मार्जरी पास्टन बिशपपुढे ताठ उभी राहिली, ते शब्द आता विवाह घडविण्यास असमर्थ ठरले. कायदा अमलात आला त्याच वर्षाच्या डिसेंबरात लॉर्ड चेस्टरफील्ड यांनी 'द वर्ल्ड' या नियतकालिकात एक लेख लिहून 'फ्लर्टेशन' या शब्दाचे कौतुक केले. हा शब्द एका अतिशय सुंदर मुखातून बाहेर पडला आणि त्या जन्मवेळी आपण हजर होतो, असा त्यांचा दावा. दावा टिकणारा नाही. तो शब्द त्यापूर्वी काही दशके छापला गेलेला आढळतो. पण चेस्टरफील्डांनी त्याची जी मर्यादा सांगितली ती मार्मिक आहे. कॉकेटपणाच्याही अलीकडची, केवळ जवळ येण्याच्या पहिल्या चाहुलीची अवस्था, असा त्यांचा आशय होता. कायदा आणि लेख यांत कार्यकारणसंबंध जोडणे धाडसाचे होईल. इतके मात्र खरे, की ज्या बोलण्याने कोणीच बांधले जात नाही, अशा बोलण्याला या काळात प्रतिष्ठित नाव मिळाले.

'फ्लर्ट' या क्रियापदाचा जुना अर्थ झटका देणे, टिचकीने उडविणे. सतराव्या शतकात स्त्रिया पंखा फ्लर्ट करीत, म्हणजे झटक्याने उघडीत आणि मिटीत. या पंख्याच्या कवायतीची ॲडिसनने १७११ मध्ये 'स्पेक्टेटर'मधून मनसोक्त थट्टा केली. शिपायांनी बंदुका चालवाव्यात तसे पंखे चालविण्याचे शिक्षण देणारी एक शाळाच त्याने कल्पिली होती. हातातली हालचाल नजरेत गेली, नजरेतून बोलण्यात गेली, आणि शब्दाला आजचा अर्थ आला. डॉक्टर जॉन्सन मात्र या शब्दावर प्रसन्न नव्हते. १७५५ च्या आपल्या शब्दकोशात 'फ्लर्ट' म्हणजे आगाऊ पोरगी असा अर्थ देऊन, 'फ्लर्टेशन'ला त्यांनी स्त्रियांच्या बोलीतला ग्राम्य शब्द ठरविले. चेस्टरफील्ड आणि जॉन्सन यांचे त्या सुमारास बिनसलेलेच होते. कोशातल्या त्या नोंदीत कोशकाराचा राग किती आणि शास्त्र किती, हे ज्याचे त्याने ठरवावे.

याच संदर्भात जुन्या इंग्रजी कादंबऱ्यांच्या वाचकाने एका शब्दप्रयोगाविषयी सावध राहिले पाहिजे. 'मेक लव्ह' म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत गोड बोलणे, प्रेमाची याचना करणे. जेन ऑस्टेनच्या 'एमा' या १८१५ मधील कादंबरीत नाताळच्या आदल्या रात्री बंद घोडागाडीत मिस्टर एल्टन नायिकेशी हेच करतात, आणि तेही मोठ्या आवेशाने. आजच्या अर्थाने ते वाक्य वाचले तर बिचाऱ्या पाद्र्यावर भलताच आरोप येतो! विसाव्या शतकात या प्रयोगाला शारीरिक अर्थ चिकटला आणि मधल्या पन्नास वर्षांत जुना अर्थ पुसला गेला. भाषांतरकारांनी येथे ठेच खाऊ नये.

वचनाने विवाह घडेनासा झाला, तरी वचनाचा दावा उरलाच होता. लग्नाचे वचन मोडल्याबद्दल दिवाणी न्यायालयात नुकसानभरपाई मागता येई, आणि एकोणिसाव्या शतकात असे दावे मांडणाऱ्या बहुतेक स्त्रियाच असत. त्यांच्याजवळ पुरावा तो कोणता? पत्रे आणि बोलणे. भर न्यायालयात प्रेमपत्रे वाचली जात, वृत्तपत्रे ती छापीत, आणि 'डिअर' हा निव्वळ शिष्टाचार की अंतःकरण, यावर वकील तासन्‌तास घासाघीस करीत. डिकन्सने १८३६-३७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'पिकविक पेपर्स'मध्ये याच व्यवहाराची टर उडविली आहे. पिकविक नोकर ठेवण्याविषयी बोलतो आणि घरमालकीण ते लग्नाविषयीचे समजते. दावा उभा राहतो. जेवणाविषयीची साधी चिठ्ठी वकिलाच्या तोंडी शृंगारिक होऊन जाते आणि साडेसातशे पौंडांचा हुकूमनामा होतो. वाचक पोट धरून हसतो. पण ज्या मुलीची उमेदीची वर्षे एखाद्याच्या आश्वासनावर गेली आणि मागे फक्त लोकापवाद उरला, तिला हा दावा म्हणजे विनोद नव्हता. 'ते तर नुसते फ्लर्टेशन होते' हा प्रतिवादीचा बचाव तिच्यासाठी फार महाग पडे.

अमेरिकेने या परिभाषेत घातलेली मोठी भर म्हणजे 'डेट'. जॉर्ज एड या विनोदी लेखकाने १८९६ मध्ये शिकागोच्या वृत्तपत्रात तो शब्द या अर्थाने योजला. तोपर्यंत प्रतिष्ठित घरांतील रीत अशी, की मुलीने किंवा तिच्या आईने तरुणाला भेटीस येण्याची परवानगी द्यावी आणि त्याने दिवाणखान्यात येऊन बसावे. शहरातल्या कामकरी मुलींना दिवाणखाना कोठला असणार? त्या बाहेर भेटू लागल्या. खर्च पुरुषाने करावयाचा, म्हणून बोलावण्याचा अधिकारही त्याच्याकडे गेला. बाहेरचे जग मोकळे झाले खरे, पण निमंत्रणाची सूत्रे स्त्रीच्या हातून निसटली.

इंग्लंड आणि वेल्स यांमध्ये वचनभंगाचे दावे १९७० च्या कायद्याने रद्द झाले. १ जानेवारी १९७१ पासून लग्नाचे वचन हा न्यायालयाच्या दृष्टीने करार राहिला नाही. त्याच कायद्यात साखरपुड्याच्या अंगठीविषयी एक कलम आहे. अंगठी ही पूर्ण देणगी समजावी आणि लग्न मोडले तरी ती घेणाराकडेच राहावी, असे ते सांगते. अपवाद एकच: लग्न न झाल्यास ती परत करावयाची, अशी अट उघडपणे वा गर्भितपणे घातलेली होती, हे देणाऱ्याने सिद्ध करावे. अंगठी बोटात घालताना तो नेमके काय म्हणाला होता, ही चौकशी त्यामुळे अजूनही होऊ शकते.