प्रभुभोजन व मंडळीची शिस्त (कोल्हापूर)

येशूने शिष्यांसह घेतलेल्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून भाकर व द्राक्षरस वाटून घेण्याचा विधी म्हणजे प्रभुभोजन. कॅथलिकांत त्यालाच मिस्सेतले, म्हणजे त्यांच्या उपासनेतले, कम्युनियन म्हणतात. ते कोणी घ्यावे आणि कोणाला काही काळ थांबवावे, हा मंडळीच्या (स्थानिक चर्चच्या) शिस्तीचा गाभा.

कोल्हापुरात ही शिस्त मुख्यतः प्रेस्बिटेरियन वळणाची. अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर येथे १८५२ मध्ये आले. १८७० मध्ये त्यांचे काम अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनकडे गेले. या परंपरेत निर्णय एकट्या पाळकाचा नसतो. मंडळीने निवडलेले वडील आणि पाळक मिळून तो घेतात. लहानपणी बाप्तिस्मा झालेला मुलगा किंवा मुलगी मोठेपणी मंडळीपुढे स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करते, मग प्रभुभोजनाला येते. या परंपरेच्या १६४६ च्या वेस्टमिन्स्टर विश्वासपत्रात शिस्तीच्या तीन पायऱ्या आहेत: समज देणे, प्रभुभोजनापासून काही काळ दूर ठेवणे आणि अगदी शेवटी बहिष्कार. दूर ठेवलेला माणूस उपासनेला येतो, गीते म्हणतो. फक्त भाकरीची ताटली हातात आली की न घेता शेजाऱ्याकडे देतो. हे वाळीत टाकणे नव्हे. जातपंचायत माणसाशी व्यवहार तोडते, दंड वसूल करते. मंडळीत पश्चात्ताप पुरतो, आणि तो घडावा म्हणूनच सारी खटपट.

अपात्रपणे खाऊ नये, असे प्रेषित पौल करिंथकरांना लिहितो (१ करिंथ ११). हे वचन बहुधा व्यसन, व्यभिचार, भांडण यांच्या संदर्भात ऐकवले जाते. पौलाची मूळ तक्रार मात्र वेगळी होती: सधन लोक आधीच जेवून घेत आणि गरीब उपाशी राहत. कोल्हापुरात हा संदर्भ विसरता येत नाही. कोडोलीसारख्या ठिकाणच्या मंडळ्यांत अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजांतून आलेली माणसे मोठ्या संख्येने होती. कोल्हापूर शहरातच अशा समाजातील गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात शाहू महाराजांनी चहा घेतला, ही घटना आजही सांगितली जाते. कोणाच्या हातचे प्यावे हा तेव्हा एवढा मोठा प्रश्न होता. अशा ठिकाणी जात पाहून पंगत वेगळी मांडणे, हाच प्रभुभोजनाचा सर्वांत उघड अवमान ठरतो.

१९७० मध्ये नागपुरात अनेक प्रॉटेस्टंट पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. तीत बालबाप्तिस्मा आणि कबुलीनंतरचा बाप्तिस्मा, दोन्ही मान्य आहेत. कॅथलिक चर्च मात्र इतर पंथीयांना सहसा कम्युनियन देत नाही. त्यामुळे पती-पत्नी वेगवेगळ्या पंथांचे असले की मिस्सेत एक जण रांगेत उभा राहतो, दुसरा बाकावर बसून राहतो.