बाळंतिणीचा सल्ला, टेलिफोनवरून

श्रोतेहो, बाळंतिणीला सल्ला देणाऱ्यांची आपल्याकडे कधीच वाण नव्हती. आई आहे, सासू आहे, सुईण आहे, शेजारची काकू तर आहेच. डिंकाचा लाडू खा, अळिवाची खीर घे, कंबर बांध, सव्वा महिना गार पाण्यात हात घालू नकोस! या साऱ्यामागे एक हिशेब होता. मूल अंगावर पिणारे, आणि सव्वा महिना सरला की पुन्हा पाणी, जळण, शेत. खाल्लेले तूप कष्टात जिरून जाई. त्या बाईला ‘वजन उतरव’ म्हणायची वेळ सहसा कुणावर येत नसे.

पुढे चित्र दुहेरी झाले. 2019 ते 2021 या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या शंभर स्त्रियांमागे सुमारे 19 कृश निघाल्या आणि 24 जणींचे वजन जास्त भरले. म्हणजे एकाच आळीत एकीला लाडू हवा, तर दुसरीने तो आवरता घ्यायला हवा. मी आज बोलणार आहे ते दुसरीविषयी. पहिलीने हे मुळीच मनावर घेऊ नये, बरे का.

‘खाणे कमी केले तर दूध आटेल’ ही धास्ती आपल्याच घरची असे समजू नका. अमेरिकेतही ती होती. तिथल्या नॉर्थ कॅरोलायना प्रांतात शेरिल लव्हलेडी या बाईंनी वजन जास्त असलेल्या 40 स्तनदा मातांवर प्रयोग केला. तो 2000 साली प्रसिद्ध झाला. मूल चार आठवड्यांचे झाल्यावर निम्म्या मातांचा आहार रोज सुमारे 500 उष्मांकांनी कमी केला, जोडीला व्यायाम दिला. दहा आठवड्यांत त्यांचे वजन सरासरी 4.8 किलो उतरले. आणि मुले? दोन्ही गटांतली मुले सारखीच वाढली.

मग प्रश्न उरला तो असा, की हे आईपर्यंत पोचवायचे कसे? त्याच प्रांतात 450 मातांवर मोठा प्रयोग झाला. त्याचा निकाल 2009 साली आला. आहाराचे आठ वर्ग, व्यायामाचे दहा, शिवाय नऊ महिन्यांत सहा वेळा टेलिफोनवरून सल्ला. बेत चांगला होता, पण वर्गाला यायचे कुणी? तान्हे मूल कडेवर, रात्रीची झोप अपुरी! बहुतेक वर्ग बहुतेकींचे चुकले. सल्ला मिळालेल्या गटाचे वजन सरासरी किलोभरसुद्धा उतरले नाही. गुरुजनहो, पटावर नाव आहे पण मूल शाळेत नाही, हे दुखणे तुम्हाला नवे नाही.

स्वीडनमधल्या गोथेनबर्ग शहरात हे कोडे उलट बाजूने सोडवले. तो प्रयोग 68 मातांचा, 2012 साली प्रसिद्ध झालेला. आहारतज्ज्ञ सुरुवातीला एकदा निवांत बसून बोलली आणि सहा आठवड्यांनी आपण होऊन मातेच्या घरी गेली. एरवी दर पंधरवड्याला मोबाईलवर विचारणा : वजन किती? आईने घरीच काट्यावर उभे राहायचे आणि आकडा कळवायचा. सांगणे तरी काय होते? निम्मे ताट भाजीचे, वाढून घ्यायचे ते बेताने, गोडधोड नि खारे फराळाचे आठवड्याला मिळून 100 ग्रॅम. बारा आठवड्यांत नुसत्या आहाराच्या गटाचे वजन 8.3 किलो उतरले. नुसत्या व्यायामाच्या गटाचे 2.4, काहीच न सांगितलेल्यांचे 0.8. वर्षानंतर आहाराच्या गटाची उतार 10.2 किलोंवर गेली होती. माझ्या मते यात यंत्राची करामत थोडी. उंबरठा ओलांडून एकदा घरी आलेल्या बाईनेच पुढे विचारावे, याचे मोल जास्त.

आपल्याकडे मुंबईत टेलिफोन आला 1882 साली; पण तो पेढ्यांत नि कचेऱ्यांत. बाळंतिणीच्या खोलीत शिरायला त्याला शंभरावर वर्षे लागली. जानेवारी 2016 मध्ये केंद्र सरकारने ‘किलकारी’ सुरू केली. गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यापासून मूल वर्षाचे होईपर्यंत आठवड्याला एक, असे 72 ध्वनिमुद्रित निरोप, फुकट. अक्षरओळख नसलेल्या आईलाही ते कळावेत अशी योजना. मात्र त्या निरोपांत बोलायचे ते पलीकडच्या आवाजाने. आईने काय खाल्ले, काट्यावर आकडा किती आला, हे तिच्याकडून ऐकून घेण्याची सोय त्यात ठेवलेली नव्हती.